निळी की तांबडी

तो खरं तर समोरच्या शोरूममध्ये निघाला होता. गाडी लावायला जवळपास जागा मिळेना म्हणून ती चौकापलीकडे उभी केली, पायी निघाला, आणि अर्ध्या वाटेत पावसाने त्याला गाठलं. अशी सर आली की रस्ता ओलांडायचीही सोय उरली नाही. जवळचं एक काचेचं दार आपोआप उघडलं, तो आत शिरला... आणि चकचकीत फरशीवर ठिबकत उभा राहिला.

“माफ करा हं,” तो म्हणाला. “मी तुमच्याकडे आलो नाहीये. समोर निघालो होतो.”

दाराजवळच्या टेबलापाशी ती एकटीच होती. बाकीचे जेवायला गेले होते. सहा वर्षं ती या शोरूममध्ये महागड्या, वेगवान गाड्या विकत होती. पण आत येऊन ‘मी तुमच्याकडे आलो नाही’ असं तोंडावर सांगणारं गिऱ्हाईक तिने या सहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

“पाऊस काही समोरच्यांच्या मालकीचा नाही,” ती म्हणाली. “थांबेपर्यंत इथे थांबा. गाडी बघितलीच पाहिजे असं नाही.”

तिने त्याला कागदी रुमालांचा गठ्ठा दिला. त्याने तोंड पुसलं, मान पुसली आणि बसायला जागा शोधली. कोच नेमका त्याच दिवशी कापड बदलायला गेला होता. बसण्यासारखी जागा एकच होती – हॉलच्या मधोमध उभी असलेली निळी गाडी.

“तिच्यात बसा.”

“अहो, मी ओला आहे.”

“सीट चामड्याची आहे. पुसता येते.”

तो बसला. दार मिटलं तसा पावसाचा आवाज कोणीतरी उचलून नेल्यासारखा नाहीसा झाला. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून तो पाच मिनिटं नुसता समोर बघत राहिला. मग काच खाली केली.

“बाहेर पाऊस आहे हे इथे कळतच नाही.”

“हो. तीच तर हिची खासियत.”

“हे चांगलं की वाईट?”

या प्रश्नाचं पाठ केलेलं उत्तर तिच्याकडे तयार होतं. काचेचे दोन थर, दाराचं रबर, वगैरे वगैरे. पण तिच्या तोंडून निघालं ते वेगळंच.

“दिवस कसा गेलाय त्यावर आहे.”

त्याने मान वळवून पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं.

मग कळलं की तो दातांचा डॉक्टर आहे, बुधवारी दुपारी त्याचा दवाखाना बंद असतो, आणि गेले दोन महिने त्याचा जीव दोन गाड्यांमध्ये अडकलाय. यांची निळी की समोरच्यांची तांबडी? गाडीचा शौक असलेल्या कुठल्याही माणसाला या दोघींचं वैर माहीत होतं. दोघी चार दारांच्या, दोघी ऐटबाज, दोघी वाऱ्याशी पैज लावणाऱ्या. सख्ख्या जावांसारख्या. एकीने दिवे बदलले की दुसरीने आरसे बदलायचे, एकीने वेग वाढवला की दुसरीने त्याच्यावर वरताण करायची.

“सगळे म्हणतात, चालवून बघ, लगेच कळेल,” डॉक्टर म्हणाले. “तांबडी दोनदा चालवली. काही कळलं नाही.”

“आणि निळी?”

“निळीत तर आज अपघातानेच बसलोय.”

पाऊस ओसरला तेव्हा तिचा एक सहकारी जेवून परतला. ती चावीच्या कपाटाकडे जाताना दिसताच तो ओरडला, “सुसाट, सावकाश हं! रस्ते ओले आहेत.”

“सुसाट?” डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या.

“नोकरीला लागले त्या आठवड्यात मी आमच्या साहेबांना एक चक्कर मारून आणली होती,” ती म्हणाली. “परत आल्यावर ते अर्धा तास कोणाशी बोलले नाहीत. तेव्हापासून हेच नाव पडलं.”

“मग आज मी चालवतो,” डॉक्टर म्हणाले.

*

टेस्ट ड्राइव्हचा रस्ता ठरलेला होता – बाजारपेठेतून बाहेर, तळ्याच्या कडेने, टेकडीला वळसा घालून परत. वीस-पंचवीस मिनिटांचा. ती शेजारच्या सीटवर बसून माहिती देत होती. डॉक्टर माना डोलवत होते. थोड्या वेळाने ते म्हणाले, “तुम्ही मघापासून पायाने काय दाबताय?”

तिने पाय चटकन मागे घेतला.

“ब्रेक.”

“तिथे ब्रेक नाहीये.”

“माहीत आहे.” ती ओशाळून हसली. “माझे बाबा गाडी शिकवायचे. त्यांच्या गाडीत दोन्हीकडे ब्रेक होते. लहानपणापासून मी त्या दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून बसलेय. बाबा जाऊन दोन वर्षं झाली, त्यांची गाडीही विकली... पायाला मात्र कोणी सांगितलेलं नाही.”

“मी एवढा वाईट चालवतो?”

“नाही हो. तुम्ही फार हळू चालवता. ही गाडी अशी चालवायची म्हणजे वाघाला साखळी लावून बागेत फिरवण्यासारखं आहे.”

डॉक्टर हसले, पण वेग वाढवला नाही. टेकडीजवळ एक मोठा गतिरोधक आला. त्यांनी गाडी अगदी अलगद त्यावर चढवली आणि मान किंचित मागे वळवून म्हणाले, “धरून बसा हं.”

मागची सीट रिकामी होती.

गाडी गतिरोधकावरून उतरली. निळी गाडी तिच्या लौकिकाप्रमाणे इतकी शांत होती की लपायला इंजिनाचा आवाजही नव्हता.

“सवय,” डॉक्टर शेवटी म्हणाले. “माझी सध्याची गाडी सात जणांची आहे. घेतली तेव्हा माणसंही होती तेवढी. आई-वडील, बायको, तिची आई, बहिणीची दोन पोरं सुट्टीला यायची... मग एकेक उतरत गेलं. आई-वडील गेले. बायको तर रीतसर सही करून उतरली, पाच वर्षं झाली त्याला. आता मी एकटाच ती बस घेऊन फिरतो. बहीण म्हणते, वीक ती, स्वतःसाठी काहीतरी घे.”

“म्हणून...”

“म्हणून निळी की तांबडी. एकट्या माणसाची गाडी कशी असते हेच मला माहीत नाही, खरं सांगायचं तर.”

तिने मांडीवरचं माहितीपत्रक मिटलं.

*

पुढच्या बुधवारी ते पुन्हा आले. कोच परत आला होता, तरी ते सरळ निळीतच जाऊन बसले. तिसऱ्या बुधवारी आधी समोर जाऊन आले आणि तिथला विक्रेता काय काय म्हणाला ते सांगत बसले. तो विक्रेता म्हणजे जाड चष्म्याचा, अति उत्साही गृहस्थ. तिच्या शोरूममध्ये त्याला सगळे नुसतं ‘चष्मेवाला’ म्हणत.

“चष्मेवाले म्हणतात, निळी म्हणजे दिवाणखाना आहे. चाकं लावलेला.”

“त्यांना सांगा, तांबडी म्हणजे मिक्सर आहे. चाकं लावलेला.”

“सांगू?”

“सांगा की! मी घाबरते की काय?”

दर बुधवारी एक फेरी ठरलेली. तळं, टेकडी, परत. डॉक्टर बोलायचे, ती ऐकायची. मग ती बोलायची. एकदा तिने विचारलं, “दवाखान्यातही तुम्ही एवढं बोलता?”

“त्याहून जास्त. पण तिथे समोरच्याचं तोंड उघडं असतं आणि आत माझे दोन्ही हात. दिवसाला पंधरा माणसं तोंड उघडतात, पण बोलत एकही नाही. तुम्ही उत्तर देता हो... त्याची मला सवयच राहिली नव्हती.”

“माझं उलट आहे. मी दिवसभर बोलते आणि कोणी ऐकत नाही. लोक गाडीकडे बघत असतात.”

“मी कधी गाडीकडे बघितलं?” डॉक्टर पटकन म्हणून गेले... आणि मग कान लाल होईपर्यंत रस्त्याकडे बघत राहिले.

दिवसभर ताशी अडीचशेने धावू शकणाऱ्या गाड्या विकून ती संध्याकाळी बसने घरी जायची. तिसऱ्या मजल्यावर दोन लहान खोल्या. भिंतीपलीकडच्या घरात रोज टीव्हीच्या रिमोटवरून भांडण व्हायचं. आज कोणाची पाळी आहे हे तिला आता त्या लोकांपेक्षा जास्त पाठ झालं होतं. कधी भांडण झालं नाही तर तिला चुकल्यासारखं वाटायचं. रविवारी धाकट्या बहिणीचा फोन यायचा. मागे पोरांचा धुडगूस, कुकरची शिट्टी, नवऱ्याच्या हाका...

“ताई, बाकी काय?”

“बाकी काही नाही गं. तू सांग.”

“मी काय सांगणार, माझं तेच चाललंय... अरे, ते खाली ठेव! ताई, नंतर करते हं.”

फोन बंद झाला की खोली मघापेक्षा मोठी वाटायची.

पण चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून एक गंमत झाली. आठवडाभरात काही मजेदार घडलं की ती ते मनातल्या मनात बुधवारसाठी बाजूला ठेवू लागली. शेजारच्या घरातल्या रिमोटच्या भांडणात कोण जिंकलं ते, एका गिऱ्हाइकाने गाडीत कुत्रा मावतो का ते बघायला खराखुरा कुत्रा कसा आणला ते. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवायची. एका रविवारी आरशासमोर केस विंचरताना ती कुत्र्याची गोष्ट मोठ्याने बोलून बघत होती, आणि मध्येच थबकली. आपण हे काय करतोय? तिने फणी खाली ठेवली. आरशातल्या बाईचा चेहरा कोणीतरी चोरी पकडल्यासारखा झाला होता.

*

सहाव्या बुधवारी डॉक्टर गेल्यावर साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं.

“तुझे ते डॉक्टर. गिऱ्हाईक आहेत की पाहुणे?”

तिने टेबलावरच्या फायली उगाच सरळ केल्या.

“सहा फेऱ्या झाल्या. अख्ख्या शोरूममध्ये लोक हसतात. तुझ्यावर माझा राग नाही, पण पुढच्या आठवड्यात होय की नाही ते कळलं पाहिजे. आणि हे बघ...” साहेबांनी आवाज जरा खाली आणला. “तू सांगितलंस तर ते निळी घेतील. मला दिसतंय. तुलाही दिसत असेलच.”

दिसत होतं. त्याच दुपारी तळ्याच्या कडेला गाडी थांबवून डॉक्टर म्हणाले होते, “आता मी थकलो. तुम्ही सांगाल ती घेतो. तुमच्यावर सोडलं.”

“असं कसं? मी तर निळीच विकते.”

“म्हणूनच विचारतोय. तुम्ही खोटं बोललात तर मला कळेल.”

“कसं कळेल?”

“तुमचा पाय त्या नसलेल्या ब्रेकवर जाईल.”

ती हसली खरी, पण घरी पोचेपर्यंत ते वाक्य तिच्या मागे लागलं होतं. निळी घेतली तर? मग सर्व्हिसिंगला ते इथेच येणार. वर्षातून दोनदा का होईना. तांबडी घेतली तर रस्त्याच्या पलीकडे जाणार आणि तिकडचेच होणार. एक शब्द बोलायचा, बस्स. आणि निळी काही वाईट गाडी नव्हती. तिने सहा वर्षांत याहून किती कमी खऱ्या गोष्टी किती लोकांना सांगितल्या होत्या!

पण बाबा शिकाऊ माणसाला पहिल्या दिवशी कधी गाडी शिकवायचे नाहीत. त्याला नुसतं चालवायला सांगायचे आणि त्याच्या खांद्यांकडे बघायचे. निळी चालवताना डॉक्टरांचे खांदे कसे आखडलेले असतात ते तिने पाहिलं होतं. तांबडी चालवताना कसे असतात, ते तिला माहीत नव्हतं.

सातव्या बुधवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा घेतली, गळ्यातलं ओळखपत्र खणात टाकलं आणि डॉक्टरांबरोबर रस्ता ओलांडला.

चष्मेवाल्याचा आधी डोळ्यांवर विश्वास बसेना. “तुम्ही? इथे?”

“गिऱ्हाइकाबरोबर आलेय,” ती म्हणाली. “चाकं लावलेला मिक्सर बघायला.”

नियमाप्रमाणे विक्रेत्याला गाडीत बसणं भाग होतं. पुढे डॉक्टर, शेजारी ती, आणि मागे चष्मेवाला. तांबडीची मागची सीट म्हणजे सीटचं नुसतं नाव. बिचाऱ्याचे गुडघे हनुवटीला टेकले होते, तरी तो तिथूनच गाडीचे गुण गात होता.

गाडी बाजारपेठेतून बाहेर पडली. तांबडी शांत नव्हती. रस्त्यावरचा प्रत्येक खडा ती सांगत होती. तळ्याच्या वळणावर डॉक्टरांनी स्टिअरिंग जरासं वळवलं, तर गाडी त्यांच्या मनातलं ओळखल्यासारखी आत झुकली. पुढच्या वळणावर त्यांनी वेग थोडा वाढवला. त्याच्या पुढच्या वळणावर आणखी. त्यांचे खांदे खाली आले होते. आणि टेकडीच्या चढावर, एकापाठोपाठ तीन वळणं सपासप घेतल्यावर, डॉक्टर हसले.

सात आठवड्यांत ते कितीदा तरी हसले होते. पण हे हसू वेगळं होतं. शाळा सुटल्यावर मुलं हसतात तसं, कोणासाठीही नसलेलं. तिने त्यांच्याकडे पाहिलं. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत सरकली होती, कपाळावर केस आले होते, आणि चेहऱ्यावरची पाच-सात वर्षं कुठेतरी वाटेत गळून पडली होती.

मग तो गतिरोधक आला. डॉक्टरांचं लक्ष पुढच्या वळणावर होतं. त्यांनी मागे मान वळवली नाही, ‘धरून बसा’ म्हटलं नाही. या खेपेला मागे खराखुरा माणूस बसला होता... आणि त्याचं डोकं टपाला आपटलं.

“अरे! लागलं का हो?” डॉक्टर दचकून म्हणाले.

“नाही, नाही,” चष्मेवाला डोकं चोळत म्हणाला, “सस्पेन्शन जरा कडक आहे, एवढंच.”

ती खिडकीबाहेर बघायला लागली. आता काय सांगायचं ते तिला कळलं होतं. आणि इतकं स्पष्ट कळलं नसतं तर बरं झालं असतं, असंही तिला वाटलं.

परत आल्यावर समोरच्या शोरूमबाहेरच्या फुटपाथवर ते दोघं उभे राहिले. गाड्या जात-येत होत्या. बारीक भुरभुर सुरू झाली होती, पण दोघांपैकी कोणी आडोशाला गेलं नाही.

“मग?” डॉक्टर म्हणाले.

“तांबडी घ्या.”

“नक्की?”

“नक्की. तिच्यात तुम्ही मागचं सगळं विसरता. निळीत तुम्ही... अजून त्या सगळ्यांना घेऊन फिरता.”

“म्हणजे निळीसाठी परत यायला नको.”

तो प्रश्न होता की नुसतंच वाक्य, ते तिला समजलं नाही. समजून घ्यायला हवं होतं, हे तिच्या नंतर लक्षात आलं. त्या क्षणी तिला फक्त एवढंच वाटलं की आवाज स्थिर ठेवला पाहिजे.

“नको,” ती म्हणाली. “काय करणार येऊन?”

डॉक्टरांनी मान हलवली. “आभारी आहे,” म्हणाले. आणि पावसातून चौकाच्या दिशेने चालू लागले. चौकापलीकडे त्यांची सात जणांची गाडी उभी होती.

*

पुढच्या बुधवारी दुपारी समोरच्या शोरूमचं मोठं दार उघडलं आणि तांबडी बाहेर आली. साहेब त्या दिवशी तिच्याशी एक शब्द बोलले नव्हते. ती काचेपाशी उभी होती. तांबडी फुटपाथच्या कडेला थांबली. आतून डॉक्टरांनी या बाजूला पाहिलं... बराच वेळ पाहिलं. तिने हात वर केला. पण दिवसा या काचेत बाहेरून आभाळ आणि बस यांच्याशिवाय काही दिसत नाही, हे तिला ठाऊक होतं. स्वतः कितीदा तरी तिने रस्त्यापलीकडून पाहिलं होतं. तांबडी निघून गेली. हात वरच राहिला होता, तो तिने केस सारखे केल्यासारखा करून खाली आणला.

त्यानंतरचे बुधवार वाईट गेले. कामं असायची, गिऱ्हाइकं यायची. पण दुपारचे दोन वाजले की तिची नजर दाराकडे जायची. साठवलेल्या गोष्टींचं काय करायचं, कळेना. एका रविवारी तिने त्यातली एक, बसमध्ये कंडक्टरला गप्प करणाऱ्या आजीची, बहिणीला सांगून पाहिली.

“मग त्या आजीने कंडक्टरला विचारलं...”

“ताई, एक मिनिट हं.” पलीकडे काहीतरी फुटल्याचा आवाज आला. “हां, बोल. बाकी काय?”

“बाकी काही नाही गं,” ती म्हणाली. या वेळी मात्र पुढे ‘तू सांग’ म्हटलं नाही.

पलीकडचा गोंधळ जरा लांब गेला. बहीण बहुधा दुसऱ्या खोलीत गेली असावी.

“ताई? काय झालंय? कोणी आहे का?”

“होतं. म्हणजे... झालं असतं.”

“मग गेलं कुठे?”

“मीच जा म्हटलं.”

“तायडे, वेडी आहेस का?” बहीण म्हणाली. धाकटी असून हे बोलायचा हक्क तिला होता. “मग तूच जा की आता!”

तीन बुधवार तसेच गेले. चौथ्या बुधवारी तिने पूर्ण दिवसाची रजा टाकली. सकाळी कपाटातला निळा कुर्ता काढला, ठेवला, दुसरा काढला, आणि शेवटी दुपारी हात लागेल तो घालून निघाली.

डॉक्टरांचा दवाखाना एका चपलांच्या दुकानावर होता, पहिल्या मजल्यावर. ती पोचली तेव्हा दीड वाजून गेला होता. एक वयस्कर मदतनीस बाई दाराला कुलूप लावत होत्या.

“बंद झाला हो दवाखाना. फार दुखतंय का?”

“नाही... दाताचं काही नाही.”

बाईंनी हातातलं कुलूप तसंच ठेवून तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. “मग डॉक्टर गाडीच्या दुकानात भेटतील. बुधवारी तिथेच असतात.”

“आता नसतील. गाडी घेतली त्यांनी.”

“घेतली, पण जाणं कुठे थांबलंय? गेल्या बुधवारी तर डबा न उघडता गेले. मी म्हटलंसुद्धा, एवढी भारीतली गाडी आणि दर आठवड्याला दुकानात न्यावी लागते? तर हसले नुसते.”

तिन्ही बुधवार ती काचेपाशी होती. डॉक्टर आले नव्हते... तिच्याकडे आले नव्हते, एवढंच!

परतीची बस कधी नव्हे ती प्रत्येक सिग्नलला अडकली. ती उतरली, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा समोरच्या शोरूमच्या पायऱ्या चढली.

चष्मेवाला जवळजवळ धावतच पुढे आला.

“बरं झालं आलात बाई! यांना जरा समजवा. पहिल्या बुधवारी म्हणाले, वायपर कुरकुरतो. तपासला, काही नाही. दुसऱ्या बुधवारी म्हणाले, आरसा हलतो. काही नाही. गेल्या बुधवारी काय म्हणाले माहीत आहे? शेजारच्या सीटवर कोणी नसलं की गाडी एका बाजूला ओढते! मेकॅनिकने दोनदा चालवून पाहिली. कुठे ओढत नाही हो.”

“आणि आज?”

“आज तक्रारच सांगत नाहीत. तासभर झाला, उभे आहेत तिथे.”

डॉक्टर काचेपाशी उभे होते, हातात कागदी कप घेऊन. कॉफी कधीच निवली असणार. रस्त्यापलीकडे तिच्या शोरूमची भली मोठी काच दिसत होती. तिच्यात आभाळ होतं, एक बस होती, आणि बाकी काही नव्हतं.

ती त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली.

“इथून आतलं काही दिसत नाही,” ती म्हणाली.

डॉक्टर इतके दचकले की कॉफी मनगटावर सांडली.

“तुम्ही... आज तिकडे नाही?”

“रजेवर आहे. तीन बुधवार तुम्ही इथे येताय?”

“हो.”

“आणि मी तिकडे काचेला नाक लावून उभी. रस्ता ओलांडता आला नाही तुम्हाला?”

“कोणत्या तोंडाने येणार होतो?” डॉक्टर कपाकडे बघत म्हणाले. “निमित्त संपलं होतं. आणि तुम्हीच म्हणालात, काय करणार येऊन. मला वाटलं, तुम्ही मला चांगल्या शब्दांत वाटेला लावलंत.”

“मी गाडीबद्दल सांगितलं होतं!”

“आणि माझ्याबद्दल?”

“तुमच्याबद्दल तुम्ही विचारलं कधी?”

“आता विचारतो.” त्यांनी कप खिडकीच्या कठड्यावर ठेवला. “गाडी झकास आहे. तुमचं अगदी बरोबर होतं. वळणावर मजा येते... आणि मग टेकडीवर पोचलो की वाटतं, हे कोणाला सांगू? सांगायची इच्छा असलेलं माणूस एकच आहे. ते रस्त्यापलीकडे निळी विकतं. त्याला चालेल का?”

तिने शेजारच्या टेबलावरचा कागदी रुमाल उचलून त्यांच्या मनगटावरची कॉफी टिपली.

“मी आत्ता तुमच्या दवाखान्यात जाऊन आले,” ती म्हणाली. “आणि माझे दात एकदम चांगले आहेत.”

डॉक्टरांना अर्थ लागायला क्षणभर वेळ लागला. मग तो चेहऱ्यावर हळूहळू पसरत गेला. ते तिच्याकडे बघतच राहिले... इतका वेळ की तिने न राहवून विचारलं, “काय झालं?”

“तुमच्या या भुवईवर व्रण आहे. छोटासा.”

“लहानपणीचा आहे.”

“मला माहीतच नव्हता. सात बुधवार मी तुम्हाला एकाच बाजूने पाहिलंय. तेही चोरून, वळणांच्या मधे.”

“मीही,” ती म्हणाली. “तुमचा डावा कान मी कुठेही ओळखेन. बाकीच्याची खात्री नाही.”

मागून चष्मेवाला खाकरला. “म्हणजे... गाडीत काही दोष नाही, असं समजू ना मी?”

“काही दोष नाही,” डॉक्टर त्याच्याकडे न बघताच म्हणाले. त्यांनी खिशातून चावी काढली आणि तिच्यापुढे धरली. “टेकडीवर जायचं? तुम्ही चालवा.”

तिने मान हलवली.

“आज गाडी नको. चालत जाऊ. जिथे दोन खुर्च्या समोरासमोर असतील अशा कुठल्यातरी ठिकाणी.”

तशी जागा गल्लीच्या टोकाला सापडली. एक लहानसं कॉफीचं दुकान, दोन ताटल्याही धड मावणार नाहीत एवढं अरुंद टेबल. ते समोरासमोर बसले. पुढे ना वळण, ना सिग्नल, ना रस्ता. बघायला एकमेकांशिवाय काहीच नव्हतं, आणि दोघांचीही अगदी पंचाईत झाली.

“बोला ना,” डॉक्टर म्हणाले.

“कुठून सुरू करू?” ती म्हणाली. “पाच आठवड्यांचं साठलंय.”

“मला कुठे जायचंय?”

मग तिने दोन्ही कोपर टेबलावर टेकले, आणि बसमधल्या त्या आजीची गोष्ट पहिल्यापासून सांगायला घेतली.